चादरीचं दुसरं टोक

लाँड्रीत काम करणाऱ्या बाईला कुणी विचारलं की तू काय करतेस, तर ती सांगते, कपडे धुते. मीही हेच सांगत आले. खरं म्हणाल तर इतक्या वर्षांत मी तिथे एक कपडा धुतला नाही. धुण्याची मशीनं वेगळी, ती पुरुषांकडे. मी इस्त्रीवर. आणि इस्त्री म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे हातातली येईल, तर तसलीही नाही. आमची इस्त्री म्हणजे खोलीएवढं मशीन. आत लांबलचक तापलेले रोलर. एका तोंडाने ओली चादर लावायची, दुसऱ्या तोंडाने ती कोरडी, पापडासारखी कडक होऊन बाहेर येते. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलच्या चादरी. लंडनजवळच्या स्लाऊच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली ती पत्र्याची शेड बाहेरून बघितलीत तर आत काय चालतं याचा पत्ता लागणार नाही. हिवाळ्यात आम्ही कोट काढून आत शिरायचो आणि पाचव्या मिनिटाला पाठीवरून घाम ओघळायला लागायचा.

चादर लावायला दोघी लागतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघींनी एकदम उचलायची, एकदम ताणायची, एकदम रोलरच्या तोंडाशी न्यायची. एकीचा हात मागे राहिला की चादर तिरकी जाते आणि पलीकडून चुरगळून येते. म्हणून जोडीदारीण चांगली मिळणं हे नशिबाचं काम. मला मिळाली होती. तिच्याविषयीच हे लिहायला बसले आहे.

ती इक्वाडोरची. आधी बरीच वर्षं स्पेनमध्ये काढली, तिथे कामं आटली तेव्हा इकडे आली. मुलगी मात्र स्पेनलाच राहिली, तिथे तिचं लग्न झालं होतं. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल, पण मी तिला ताई म्हणायचे. तिचं नाव माझ्या जिभेवर काही केल्या बसेना आणि आपल्याकडे कुणाला नुसतं अगंतुगं करवत नाही. ती मला सेन्योरा म्हणायची. तिचं इंग्लिश माझ्याहून कच्चं आणि माझं काय मोठं पक्कं. त्यात मशीनचा आवाज इतका की कानांवर जाड डबे लावावे लागायचे. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही तिथे. तेव्हा बोलणं असं आमच्यात फार झालंच नाही. ब्रेकमध्ये ती तिच्या डब्यातला भात मला द्यायची, मी तिला माझी भाकरी आणि ठेचा. ठेच्याने तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ती आणखी मागायची.

पण कामावर आम्ही बोलायचो. कशाने, तर चादरीने.

हे आम्ही कधी ठरवलं नाही, होत गेलं. तिने तिच्या टोकाने एक हिसका दिला की समजायचं, तिरकी जातेय, सरळ कर. दोन हिसके दिले की, जरा थांब, दम खाऊ. आणि तीन हिसके म्हणजे बटन दाब. मशीन बंद करायचं लाल बटन एकच, आणि ते माझ्या बाजूला. तिच्या बाजूला काहीच नव्हतं. तिचं काही अडकलं, चादरीत सुई सापडली, हॉस्पिटलच्या कपड्यांत ती सापडायचीच, की ती तीन हिसके द्यायची आणि मी न बघता कोपर मारून बटन दाबायचे. बघावं लागायचं नाही. हात सांगायचे.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. बोटं फार पुढे गेली की ती दांडी ढकलली जाते आणि मशीन आपोआप थांबतं. ही देवाने दिलेली नाही, कायद्याने दिलेली आहे. पण जाड शिवण आली तरी ती दांडी हलायची आणि मशीन थांबायचं, मग पुन्हा तापेपर्यंत वेळ जायचा आणि ऑफिसातून कुणीतरी काचेमागून बघत राहायचं. एके दिवशी आम्ही कामावर आलो तर दांडी बांधलेली. फाटक्या चादरीची पट्टी फाडून, गाठ मारून. कुणी बांधली हे कुणी सांगितलं नाही.

मी सुपरवायझरला जाऊन म्हटलं, "दांडी बांधलीय."

तो भला माणूस होता तसा. म्हणाला, "लव," इथे बायकांना असंच म्हणतात, "इतकी वर्षं काम करतेस. कुठे हात घालायचा नाही हे तुला मी सांगायचं का?"

मी परत आले. ताईला पट्टी दाखवली. तिने खांदे उडवले, आपलं टोक उचललं आणि मला तीन हिसके दिले. गंमत म्हणून. मी बटन दाबलं. मशीन थांबलं. ती हसली, म्हणजे बघ, आपलं चालतंय की. आणि खरंच चाललं. फार दिवस चाललं.

त्या रविवारी मी सुट्टी घेतली होती. आमची एप्रिलची जयंती होती. दरवर्षी हॅरोला एक हॉल घेतात, सगळीकडून मंडळी येतात, ब्रिस्टलहूनसुद्धा. डॉक्टर, इंजिनियर, आता तर त्यांची इथे जन्मलेली पोरंही स्टेजवर इंग्लिशमध्ये भाषणं करतात. मी किचनमध्ये असते. स्टेजपेक्षा मला तिथे बरं वाटतं. आदल्या वर्षी ताईला घेऊन गेले होते, तिने दोन वाट्या खीर खाल्ली आणि फोटोपुढे फुलं वाहताना सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहिली. यंदाही ये म्हटलं होतं, पण दोघींना एकदम सुट्टी कोण देणार.

पुऱ्या तळत होते तेव्हा पर्समधला फोन वाजत राहिला. लाँड्रीतलीच एक पंजाबी बाई होती. म्हणाली, बहनजी, तुमच्या जोडीदारणीचा हात गेला आत.

माझ्या जागी त्यांनी एजन्सीची एक बल्गेरियन बाई उभी केली होती. पहिलाच दिवस तिचा त्या मशीनवर. ताईचा ग्लोव्ह चादरीच्या शिवणीत अडकला. तिने तीन हिसके दिले. ती बाई गोंधळली, मग हसली आणि तिनेही आपल्या बाजूने ओढलं. ताईने पुन्हा तीन दिले. तिने पुन्हा ओढलं. तिला वाटलं ही माझ्याशी खेळतेय, पहिल्या दिवशी मला बरं वाटावं म्हणून. दांडी बांधलेलीच होती.

याच्यापुढचं मी लिहीत नाही. उजवा हात होता.

हॉस्पिटलमध्ये मी नातीला घेऊन गेले. ही माझ्या थोरल्या मुलीची मुलगी, इथेच जन्मलेली. तिचं मराठी म्हणजे ऐकत राहावं असं आहे, बाईचा बुवा करते. पण शाळेत ती स्पॅनिश शिकली, पुढे कॉलेजातही घेतलं. मी तेव्हा म्हणायचे, कशाला गं, आपलं कोण राहतं तिकडे. आता मीच तिला म्हटलं, चल, माझ्या मैत्रिणीचं मला सांग आणि माझं तिला सांग.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आणि ताई धड शब्दांनी बोललो, ते असं. ती पलंगावर, हात पांढरा बांधून उशीवर ठेवलेला. अंगाखालची चादर मी बघितली. कडेला निळी रेघ. आमच्याकडचीच होती.

नात म्हणाली, "आजी, ती विचारतो, जयंती कशी झाली."

मी म्हटलं, "चांगली झाली म्हणून सांग. खीर होती म्हणावं."

मग ताई बरंच बोलली. नात ऐकत होती, तिचा चेहरा बदलत गेला. शेवटी म्हणाली, "ती म्हणते ऑफिसमधले लोक आले होते. कॅमेरामध्ये दिसतं की त्या दोघी चादर ओढून ओढून हसतात. त्यांना वाटतं त्या मशीनवर मस्ती करत होते. म्हणून हात गेली. म्हणून तिला आता डिसिप्लिनरीला बोलवणार."

"आणि ती काय म्हणते?"

नातीने विचारलं. ताईने डाव्या हाताने अंगाखालच्या चादरीचं टोक धरलं आणि माझ्याकडे बघत तीन हिसके दिले. सावकाश. मग बोलली.

"ती म्हणते, मी तीन वेळा दिला. आजी, ती म्हणते, मला काही नको, फक्त त्यांनी म्हणू दे की माझा चूक नव्हता."

मी नातीला सुधारलं नाही.

ताईच्या मोहल्ल्यातल्या, म्हणजे तिकडे दक्षिण लंडनला तिची माणसं राहतात, त्यांच्यातल्या एका बाईने तिला युनियनमध्ये नेलं. लहानशी युनियन, ऑफिसं साफ करणाऱ्या लॅटिन बायकांनी काढलेली. चर्चच्या तळघरात त्यांच्या रविवारी मीटिंगा. तिथली एक कोलंबियाची बाई आमचं प्रकरण बघायला लागली. ठेंगणी, आवाज फाटका, हातात कायम लाउडस्पीकर, अगदी चहा पितानासुद्धा काखेत. माझे मालक, नातीचे आजोबा, हयात असते तर त्यांचं तिच्याशी जमलं असतं. तेही इथल्या फॅक्टरीत युनियनचे होते, तेव्हा आपल्या लोकांना आधी मेंबरच करून घेत नव्हते.

तिने मला सगळं विचारलं. दांडी, पट्टी, बटन, हिसके. मी सांगत गेले. मला वाटलं ती म्हणेल, वा, काय हुशार तुम्ही दोघी. तिने लाउडस्पीकर खाली ठेवला. मग इंग्लिशमध्ये, मला कळेल असं हळूहळू म्हणाली, "सेन्योरा, तुम्ही दोघींनी स्वतःचं बटन बनवलंत. म्हणून कंपनीला दुसरं बटन बसवावं लागलं नाही."

खरं होतं ते. आपण बायका जिथे जाऊ तिथे हेच करतो. गॅसचा कॉक गळत असला तर कपडा बांधून भागवतो, दार लागत नसलं तर पाय लावून भागवतो. भागतंय म्हटल्यावर दुरुस्त कोण करणार. लाँड्रीतही प्रत्येक जोडीचं काही ना काही होतं, नंतर कळलं. पंजाबी बायका टाचेने जमिनीवर ठोकायच्या, जमीन थरथरली की जोडीदारणीला कळायचं. आम्ही सगळ्याच आपापल्या मशीनला सांभाळून घेत होतो, आणि वर ऑफिसात सगळं ठीक दिसत होतं.

मग गेटवर निदर्शनं झाली. त्यांची पद्धत भांडी वाजवायची. कोलंबियाची बाई म्हणाली, घरून पातेली आणा. मी स्टीलची थाळी आणि लाटणं नेलं. जयंतीच्या कमिटीत मी सांगितलं होतं, चारजण तरी या. एक डॉक्टरसाहेब म्हणाले, "मावशी, भावना कळतात, पण हे स्पॅनिश लोकांचं आंदोलन. आपला त्यात काय संबंध?"

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुमच्या वॉर्डातली चादर कुठून येते?"

"मला काय माहीत?"

"माझ्या हातातून येते. एका टोकाला मी असते. दुसऱ्या टोकाला ती होती."

डॉक्टरसाहेब त्या शनिवारी पावसात छत्री घेऊन आले, बायकोलाही घेऊन आले. त्यांना भांडं वाजवायची लाज वाटत होती, तर त्यांची बायको म्हणाली, "अहो, घरी झाकणं आपटता ती चालतात का?" आणि त्यांच्या हातात कढईचं झाकण दिलं. आतल्या बायका काचेतून बघत होत्या. ज्यांची शिफ्ट संपली त्या बाहेर येऊन आमच्यात उभ्या राहिल्या. सगळ्या नाही. काही खाली मान घालून बसस्टॉपकडे गेल्या. त्यांना मी बोल लावत नाही, व्हिसा कुणाचा कशावर टांगलेला असतो ते त्यांचं त्यांना माहीत.

बल्गेरियन बाईला युनियनने शोधून काढलं. ती त्यानंतर कामाला आलीच नव्हती. तिने लिहून दिलं की मला मशीन कुणी शिकवलं नाही, मला वाटलं ती खेळतेय. ते देताना ती इतकी रडली की ताईने डाव्या हाताने तिची पाठ थोपटली. मी समोर होते. माझ्या मनात त्या बाईविषयी राग होता, तो तिथे विरघळला.

डिसिप्लिनरीच्या, म्हणजे कामावरच्या चौकशीच्या खोलीत आम्ही तिघी. ताई, कोलंबियाची बाई आणि साक्षीला मी. समोर मॅनेजर आणि एचआरची एक पोरगी. मॅनेजरने आधी व्हिडिओ लावला. आवाज नाही. ताई ओढतेय, समोरची हसतेय आणि ओढतेय. ताई पुन्हा ओढतेय. त्याने तिथेच थांबवला.

"हे खेळणं नाही तर काय आहे?"

मी घरून एक चादर नेली होती. पिशवीतून काढली. एचआरची पोरगी जरा बावरली, पण नको म्हणाली नाही. मी ताईला एक टोक डाव्या हातात दिलं, दुसरं मी घेतलं आणि मॅनेजरला म्हटलं, "मी भिंतीकडे तोंड करते. तिला काय सांगायचं ते तुम्ही सांगा. बोटाने सांगा, मला ऐकू येऊ देऊ नका."

माझी पाठ होती, त्यामुळे त्याने काय केलं मला दिसलं नाही. चादर हलली. एक हिसका. मी टोक सरळ केलं आणि म्हटलं, "तिरकी जातेय." मग दोन. "दम खाऊ या." मग बराच वेळ काहीच नाही. मग तीन.

मी कोपराने भिंतीवर मारलं, जिथे माझं बटन असायला हवं होतं तिथे. आणि माझ्याच्याने वळवेना. ताईचा हात तिकडून थरथरत होता, ते चादरीतून माझ्या हातात येत होतं.

मग कोलंबियाच्या बाईने त्या पट्टीचा, बांधलेल्या दांडीचा, लाँड्रीतल्या पंजाबी बाईने काढून दिलेला फोटो टेबलावर ठेवला. मॅनेजर म्हणाला, "दांडीबद्दल कुणी तक्रार केली नव्हती."

"मी केली होती," मी म्हटलं. "तोंडाने केली होती. मला म्हणाले, तुला मी सांगायचं का."

ते दोघं बाहेर जाऊन आले. आल्यावर मॅनेजरने सांगितलं की प्रकरण इथेच थांबवतोय, कारवाई होणार नाही. कोलंबियाच्या बाईने ताईला तिच्या भाषेत सांगितलं. ताईने एकच प्रश्न विचारला, तो बाईने इंग्लिशमध्ये केला.

"म्हणजे चूक तिची नव्हती?"

मॅनेजरने कागद गोळा केले. "तसं मी म्हटलेलं नाही."

बाहेर आल्यावर युनियनच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, कारण नोकरी वाचली होती. ताईही हसली. पण बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली.

नोकरी वाचली म्हणजे काय, तर करता येईल असं काम नव्हतं. हाताची तीन बोटं मिटायची नाहीत. चादर धरता येईना. पैशांचा दावा वकिलाकडे चालू आहे, त्याला वेळ लागेल म्हणतात. उन्हाळ्यानंतर ताई मुलीकडे स्पेनला गेली. जायच्या आधी माझ्याकडे जेवायला आली. मी भाकरी आणि ठेचा केला. तिने डाव्या हाताने खाल्लं, तिला घास तोडता येईना तेव्हा मी तोडून दिला आणि आम्ही दोघींनी त्यात काही विशेष नाही असं दाखवलं.

नात तिला स्पॅनिशमध्ये काहीतरी समजावत होती. मी विचारलं, काय सांगतेस.

"मी म्हटलं, सगळ्यांना माहितीये की तुमचा चूक नव्हता."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, तू म्हणून काय उपयोग, बाळ. ज्यांना म्हणायला पाहिजे ते म्हणाले नाही."

आता मी युनियनची मेंबर आहे. लाँड्रीतल्या जवळजवळ सगळ्याच झाल्यात, पंजाबी, नेपाळी, बल्गेरियन. दांडी दुरुस्त झाली. बटन दोन्ही बाजूंना बसलं. महिन्याच्या मीटिंगला कोलंबियाची बाई विचारते, कुणाचं काय राहिलंय. कुणी पंख्याचं सांगतं, कुणी ग्लोव्हचं. मी दर वेळी उभी राहते आणि म्हणते, ताईचं राहिलंय. चूक तिची नव्हती एवढं त्यांनी म्हणायचं राहिलंय. सगळ्यांना पाठ झालंय आता ते. कुणी हसत नाही. बाई दर वेळी लिहून घेते.

माझ्यासमोर हल्ली एक नेपाळी बाई असते. कामाला चोख आहे. ती आली तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला तिच्या बाजूचं लाल बटन दाखवलं, दाबून बघायला लावलं आणि कुणामुळे ते तिथे आलं हेही सांगितलं. ती चादर कधी ओढत नाही. तिला गरजच नाही. हेच तर हवं होतं, याच्यासाठीच तर थाळ्या बडवल्या.

तरी दुपार झाली, हात जड झाले की मी माझं टोक जरा सैल धरते. पलीकडून काही येतंय का, ते बघायला.